मॅकबेथ नेमका कुठे घसरतो? वही-पेन्सिल घेऊन नाटक वाचण्याची एक रीत

शेक्सपिअरच्या नाटकावर परीक्षेत ‘मॅकबेथच्या अधःपतनाची कारणे सांगा’ असा प्रश्न आला की उत्तर ठरलेलं असतं. अतिमहत्त्वाकांक्षा, चेटकिणींचं भाकीत आणि बायकोची फूस. तिन्ही गोष्टी नाटकात आहेत, त्यामुळे गुणही मिळतात. पण हे उत्तर म्हणजे मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं लिहिण्यासारखं आहे. ती सगळ्यांचीच बंद पडते. माणूस कसा गेला, ते त्यातून कळत नाही.

ज्यांना या नाटकावर लिहायचंय, बोलायचंय किंवा तालमीत उभं राहून ही भूमिका करायचीय, त्यांच्यासाठी मी माझी रीत सांगतो. तिच्या मुळाशी एकच निरीक्षण आहे. मॅकबेथची घसरण त्याने किती खून केले यावरून मोजायची नाही. मनात विचार येणं आणि हात उचलणं यांच्यात किती अंतर उरलंय, यावरून मोजायची. पहिल्या अंकात हे अंतर एवढं मोठं आहे की तो त्यात अडकून पडतो. चौथ्या अंकात ते अंतर तो ठरवून, बोलून संपवतो. मधल्या काळात काय काय गळून पडलं ते टिपणं, एवढंच आपलं काम.

तयारी

अंक, प्रवेश आणि ओळींचे आकडे दिलेली संहिता घ्या. कथासार वाचून हे काम होत नाही, कारण सारात खून राहतात आणि विचार गाळले जातात. इंग्रजी जड जात असेल तर मराठीत वाट आहे. शिवराम महादेव परांजप्यांचं ‘मानाजीराव’ आणि वि. वा. शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ ही याच नाटकाची मराठी रूपं. मात्र रूपांतर हे सोबतीला ठेवायचं. मूळ कोणत्या शब्दावर थांबतं, ते मुळातच बघावं लागतं.

नाटक लहान आहे, शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये सगळ्यांत लहान. साधारण १६०६ च्या सुमाराचं लेखन, छापून आलं ते १६२३ च्या संग्रहात. रोज एक अंक याप्रमाणे पाच संध्याकाळी पुरतात. मोठ्याने वाचा. निदान स्वगतं तरी मोठ्यानेच.

आता वहीचं आडवं पान घ्या आणि पाच रकाने आखा. कोण मेलं. कुणाच्या हातून. त्याआधी मॅकबेथने काय विचार केला. बायकोला काय माहीत होतं. आणि पाचवा, झोप. शेवटचा रकाना आत्ता विचित्र वाटेल, पण तो ठेवाच. सर्वांत आधी तोच भरतो.

पहिली नोंद: तो कुठून घसरला

दुसऱ्याच प्रवेशात एक जखमी सैनिक येऊन मॅकबेथच्या पराक्रमाचं वर्णन करतो. बंडखोर मॅक्डॉनवाल्डला त्याने बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरला आणि मुंडकं तटावर लावलं. ऐकून राजा डंकन खूश होतो. म्हणजे या माणसाला रक्ताची भीती पहिल्यापासून नाही. माणूस मारणं हा त्याचा पेशा आहे आणि त्याबद्दल त्याला शाबासकी मिळते. ‘सज्जन माणूस खुनी झाला’ असं लिहिण्याआधी ही नोंद करून ठेवा. प्रश्न ‘तो मारू शकतो का’ हा नाहीच. कुणाला, कशासाठी आणि कुणाच्या हुकमावरून, हा आहे.

मग चेटकिणी. त्यांचं बोलणं पेन्सिलीने अधोरेखित करा आणि ‘खून’ हा शब्द शोधा. सापडणार नाही. ‘तू राजा होशील’ एवढंच त्या म्हणतात. खुनाचा शब्द मॅकबेथच्या तोंडी येतो, तोही स्वतःशी बोलताना, आणि तो उच्चारताना त्याचे केस उभे राहतात. त्याच प्रवेशात, ‘दैवाला मला राजा करायचं असेल तर दैवच करील, मला हलायला नको,’ असंही तो म्हणून जातो. शेजारी उभ्या असलेल्या बॅन्कोने, त्याच्या जोडीच्या सेनानीने, तेच भाकीत ऐकलंय, त्याचे वंशज राजे होतील असंही त्यात आहे. तो मात्र म्हणतो, ही काळोखाची माणसं छोट्या छोट्या खऱ्या गोष्टी सांगून विश्वास मिळवतात आणि मोठ्या बाबतीत गळा कापतात. दोघांनी एकच वाक्य ऐकलं. एकाने सावध व्हायचं ठरवलं, दुसऱ्याने हिशेब मांडला. चेटकिणींवर खापर फोडणाऱ्या उत्तराला इथेच कात्री लागते.

एक जादा गोष्ट सांगतो, कारण लिहिताना ती फार उपयोगी पडते. शेक्सपिअरने ही कथा होलिनशेड या इंग्रज इतिहासकाराच्या बखरीतून घेतली. तिथे बॅन्को या कटात सामील आहे. तिथल्या मॅकबेथला राजाविरुद्ध खरीखुरी तक्रार आहे आणि गादीवर आल्यावर तो दहा वर्षं चांगला कारभारही करतो. इतिहासातल्या मॅकबेथने १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं राज्य केलं आणि त्याच्याविरुद्धचा डंकन लढाईत पडला. शेक्सपिअरने हे सगळं काढून टाकलं. बॅन्कोला स्वच्छ केलं (तेव्हाचा राजा पहिला जेम्स स्वतःला बॅन्कोचा वंशज मानत होता, तेही एक कारण), डंकनला म्हातारा, भला, पाहुणा आणि झोपलेला केलं. दहा वर्षांचा चांगला कारभार तर पुसूनच टाकला. नायकाला सबब म्हणून वापरता येईल अशी प्रत्येक गोष्ट नाटककाराने एकेक करून उचलून नेलीय. नायकाबद्दल सहानुभूती वाढवायची असती तर त्याने उलट केलं असतं.

सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो प्रवेश

पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश. दोन संध्याकाळी लागल्या तरी हरकत नाही.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. मॅकबेथच्याच घरी पाहुणा आलेला राजा डंकन आत जेवतोय, आणि त्याला मारायचा विषय नवरा-बायकोत आधीच निघालाय. वाढपी ताटं घेऊन रंगमंचावरून जातात, तशी सूचनाच संहितेत आहे. आणि यजमान पंगत अर्धी टाकून बाहेर येऊन उभा आहे. आपल्याकडे पाहुणा जेवत असताना यजमान उठून गेला तर त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तिथेही लागत नव्हता. बायको येऊन पहिला प्रश्न तोच करते: ‘जेवण उरकत आलं त्यांचं. तुम्ही बाहेर का आलात?’

त्याआधी जे अठ्ठावीस ओळींचं स्वगत आहे, ते वाक्यावाक्याने तोडा आणि समासात आकडे घाला. क्रम महत्त्वाचा आहे. पहिला विचार हिशेबाचा: एका घावात सगळं मिटणार असेल तर लवकर उरकावं, परलोकाचं बघून घेऊ, पण असल्या गोष्टी इथेच उलटतात, आपणच शिकवलेला रक्तपात आपल्याकडे परत येतो. दुसरा नात्याचा: मी त्याचा आप्त, मी त्याचा प्रजाजन, आणि मी यजमान, ज्याने मारेकऱ्याला दार लावायचं तो मीच सुरी घेऊन कसा उभा राहू? तिसरा डंकनचा: इतका सौम्य, इतका निर्मळ राजा, त्याचे गुण देवदूतांसारखे आक्रोश करतील. आणि मग बाजू पलटून, मारायच्या बाजूने काय आहे? एकच गोष्ट. उडी मारून खोगिरावर बसू पाहणारी आणि जोर जास्त झाल्यामुळे पलीकडे कोसळणारी महत्त्वाकांक्षा.

हा शब्द पुढच्या टीकाकारांना शोधावा लागलेला नाही. मॅकबेथने स्वतःच तो उच्चारलाय, आणि तोही तक्रारीच्या सुरात: माझ्याकडे दुसरं कारणच नाही! म्हणून ‘महत्त्वाकांक्षेने त्याचा घात केला’ असं लिहिणारा विद्यार्थी नायकापेक्षा एक पाऊल मागे असतो. नायकाला ते खून करण्याआधीच माहीत होतं.

आता पेन्सिल खाली ठेवा आणि पुढचं नीट ऐका. बायको येते. तो तिला म्हणतो, ‘या कामात आता पुढे जायचं नाही.’ छान. आणि कारण काय देतो? ‘राजाने नुकताच माझा मान केलाय. लोक माझ्याबद्दल चांगलं बोलतायत. ही नवी कोरी वस्त्रं मिरवायची सोडून एवढ्यात कशाला टाकायची?’

आत्ता अर्ध्या मिनिटापूर्वी याच माणसाच्या तोंडात देवदूत होते. आप्त, राजा, पाहुणा, सगळं होतं. त्यातलं एकही तो बायकोला सांगत नाही. तिच्यापुढे तो सर्वांत हलकं कारण ठेवतो, नव्या कपड्यांचं.

माझ्या मते पहिली घसरण हीच. खंजीर अजून म्यानात आहे, पण आपल्याजवळचं सर्वांत चांगलं कारण त्याने सर्वांत जवळच्या माणसापासून लपवलं. का लपवलं? कारण ते बोललं तर ती भित्रा म्हणेल. ती म्हणतेच. ‘स्वतःच्याच नजरेत भित्रा म्हणून जगणार का?’ त्यावर त्याने दिलेलं उत्तर नाटकातलं सर्वांत सरळ वाक्य आहे: पुरुषाला शोभेल ते सगळं करायला मी धजतो, त्याहून जास्त करायला धजेल तो पुरुषच नव्हे. पण ते वाक्य टिकत नाही. ‘हे करायची हिंमत होती तेव्हा तुम्ही पुरुष होतात,’ असं ती पुढे बोलत राहते आणि थोड्या वेळाने तो विचारतो, ‘पण फसलो तर?’ या प्रश्नाखाली दोन रेघा मारा. योग्य-अयोग्याचा मुद्दा संपला, जमेल की नाही एवढाच उरला. हरला तो इथे.

बायकोच्या माथी सगळं मारणाऱ्यांना एक विचारावं. तिने त्याचे नैतिक मुद्दे खोडून काढले कुठे? तिच्यापुढे ते आलेच नव्हते.

खुनाची रात्र

हा प्रवेश एकट्याने वाचू नका, कुणाला तरी समोर बसवा. खून पडद्याआड होतो. आपल्यासमोर येतात ते दोघं, दबक्या आवाजात:

‘तुम्ही बोललात का काही?’

‘कधी?’

‘आत्ता.’

‘उतरताना?’

‘हो.’

एका काव्यपंक्तीचे तुकडे दोघांत वाटून दिलेत. नवखे नट इथे प्रत्येक शब्दाआधी थांबतात, आणि प्रवेश मरतो. थांबायचं नाही. अंधारात दोन माणसं एकमेकांचा श्वास ऐकतायत, अशा वेगात जायचं. मूल झोपलेलं असताना नवरा-बायको स्वयंपाकघरात कुजबुजून भांडतात, तो वेग.

त्या रात्री तो सांगतो की आतल्या खोलीत झोपेतून जागं होऊन कुणीतरी ‘देव भलं करो’ म्हणालं आणि त्याला ‘आमेन’ म्हणायचं होतं, पण शब्द घशात अडकला. शिवाय एक आवाज ऐकू आला, ‘मॅकबेथने झोपेचा खून केला.’ पाचव्या रकान्यात पहिली नोंद झाली. खंजीर तो चुकून हातात घेऊन आलाय. परत नेऊन ठेवायला तो तयार नाही: ‘मी काय केलं याचा विचार करायला मला भीती वाटते.’ खंजीर ती नेते. पण तो यायच्या आधी, एकटी असताना, ती सांगून गेलेली असते की झोपलेला डंकन तिच्या वडिलांसारखा दिसला नसता तर तिनेच ते काम केलं असतं. राक्षसीण म्हणून ही भूमिका उभी करणाऱ्या नटीने हे वाक्य आरशाला चिकटवून ठेवावं.

दारावर थाप पडते तेव्हा मॅकबेथ म्हणतो, ‘थापा मारून डंकनला उठव, उठवता आलं तर बरं होईल.’ आपल्या पहिल्या ओळीत लिहा: विचार भरपूर, सगळा विरोधी, बायकोला सगळं माहीत, झोप गेली.

लगेच येणाऱ्या दारवानाच्या विनोदी प्रवेशाला कात्री लावायचा मोह दिग्दर्शकांना होतो. लावू नका.

हमखास निसटणारी ओळ

आमच्या वाचनगटात एकदा मी हा तक्ता फळ्यावर भरून घेत होतो. डंकननंतर सगळ्यांनी एका सुरात ‘बॅन्को’ म्हटलं. मागच्या खुर्चीतल्या एका निवृत्त बाईंनी विचारलं, ‘आणि त्या दोन पहारेकऱ्यांचं काय?’ मी खडू हातात धरून उभा. इतक्या वर्षांत माझ्याही वहीत ती ओळ नव्हती.

ठरलेला बेत आठवा. पहारेकऱ्यांना दारू पाजायची, त्यांच्या अंगाला रक्त फासायचं, आळ त्यांच्यावर घ्यायचा. त्यांना मारायचं ठरलं नव्हतं. सकाळी प्रेत सापडल्यावर मॅकबेथ आत जातो आणि बाहेर येऊन सांगतो की संतापाच्या भरात आपण त्यांना मारलं. सगळे हळहळत असताना एकटा सरदार मॅकडफ विचारतो, ‘असं का केलंत?’ त्यावर मॅकबेथ जे बोलतो ते जरूर मोठ्याने वाचा: डंकनची रुपेरी कांती, तिच्यावर सोनेरी रक्ताची वेलबुट्टी. आदल्या रात्री ‘आमेन’ न फुटणारं तोंड सकाळी अलंकारिक झालंय. आणि हे ऐकता ऐकता लेडी मॅकबेथ कोसळते. तिचं मूर्च्छित होणं खरं की सोंग, यावर मतं आहेत. मला ते खरं वाटतं, कारण बेतात नसलेली गोष्ट तिने पहिल्यांदा ऐकलीय.

तक्त्यात भरा: विचार काहीच नाही, बायकोला माहीत नव्हतं, स्वतःच्या हाताने. खुनी म्हणून त्याने पहिला स्वतंत्र निर्णय घेतला तो हा.

बॅन्को: हात बदलतो

तिसऱ्या अंकात पुन्हा एक लांब स्वगत आहे, पंचवीसेक ओळींचं. म्हणजे विचार संपलेला नाही. पण सातव्या प्रवेशातलं स्वगत शेजारी ठेवून बघा. तिथे ‘हे बरोबर आहे का’ होतं. इथे ‘मी सुरक्षित आहे का’ आहे. बॅन्कोच्या पोरांसाठी मी माझं मन बाटवलं, माझ्या हातात वांझ राजदंड दिला, हा त्याचा सल. बॅन्को चांगला आहे हे तो कबूल करतो. पण पहिल्या अंकात डंकनचा चांगुलपणा हे न मारण्याचं कारण होतं, इथे बॅन्कोचा चांगुलपणा हेच मारण्याचं कारण झालंय. तुमच्या निबंधात एकच तुलना घ्यायची असेल तर ही घ्या.

मग दोन भाडोत्री माणसं येतात. मॅकबेथ त्यांना कसं तयार करतो? ‘आम्ही पुरुष आहोत,’ असं ते म्हणताच तो यादी काढतो: शिकारी कुत्रा, पहारेकरी कुत्रा, गावठी कुत्रा, सगळ्यांना कुत्राच म्हणतात, तसे यादीत तुम्हीही पुरुष. बायकोने ज्या पट्ट्याने त्याला ओढलं, तोच पट्टा आता त्याच्या हातात आहे. आणि या वेळी तो स्वतः जात नाही. म्हणतो, मी उघडपणे त्याला उडवू शकतो, पण आमचे काही समाईक मित्र आहेत, त्यांना दुखवून चालणार नाही. खंजिराकडे बघून थरथरणाऱ्या माणसाची भाषा आता कचेरीतल्या साहेबाची झालीय.

चौथ्या रकान्यासाठी दोन संबोधनं टिपा. पहिल्या अंकातल्या पत्रात बायको म्हणजे ‘माझ्या वैभवातली लाडकी भागीदार’. इथे ती काय चाललंय ते विचारते तेव्हा तो म्हणतो, ‘चिमणे, तुला माहीत नसलेलंच बरं. झालं की वाहवा कर.’ लाड वाढलेत, भागीदारी संपलीय. झोपेच्या रकान्यात: मनात विंचू भरलेत, आणि मेलेल्या डंकनचा हेवा वाटतो, कारण तो शांत झोपलाय.

मेजवानीचा प्रवेश सगळ्यांना पाठ असतो, बॅन्कोच्या भुतामुळे. मी त्याआधीच्या क्षणाकडे बोट दाखवेन. पाहुणे बसलेत, दाराशी मारेकरी येतो. ‘तुझ्या तोंडाला रक्त आहे.’ बॅन्कोचंच. तो सांगतो की प्रेत खड्ड्यात पडलंय, डोक्यावर वीस खोल वार आहेत. मॅकबेथ म्हणतो, ‘त्याबद्दल आभार.’ पोचपावती दिल्यासारखं. मग वळून पाहुण्यांकडे जातो आणि त्याची खुर्ची भरलेली असते.

ही दुसरी पंगत. पहिली त्याने स्वतः सोडली होती, हिच्यात त्याला जागा नाही. पाहुण्यांना वाटेला लावल्यावर तो म्हणतो, रक्तात इतका खोल आलोय की मागे फिरणं पुढे जाण्याइतकंच कंटाळवाणं आहे. पाप मोठं म्हणून नव्हे, परतायचा कंटाळा म्हणून! आणि प्रवेशाचं शेवटचं वाक्य: ‘या कामात आपण अजून नवखे आहोत.’ त्याआधी बायको एवढंच म्हणते, तुम्हाला झोपेची गरज आहे. यानंतर ही दोघं रंगमंचावर एकत्र येत नाहीत. तेही वहीत लिहा, तारीख लिहावी तसं.

फाइफ: अंतर शून्य

पहिल्या अंकात चेटकिणी वाटेत भेटल्या होत्या. चौथ्यात तो पत्ता शोधत त्यांच्याकडे जातो. बाहेर आल्यावर बातमी मिळते की मॅकडफ इंग्लंडला पळालाय. त्यावर तो जे बोलतो तो आपल्या सगळ्या तक्त्याचा कणा आहे: यापुढे मनात जे पहिलं येईल तेच हाताचं पहिलं काम. फाइफमधली मॅकडफची गढी घ्या, बायको, मुलं, त्याच्या वंशातलं जे कुणी असेल ते कापा. हेतू थंड व्हायच्या आत.

मारायचं कारण काय? काही नाही. या माणसांमुळे त्याचं सिंहासन धोक्यात नाही. जो हवा होता तो निसटला म्हणून घरात सापडले ते. बायकोला माहीत होतं का? विचारणारच कोण.

पुढचाच प्रवेश त्या घरातला. मॅकडफचा मुलगा आईला विचारतो, गद्दार म्हणजे काय? शपथ घेऊन खोटं बोलतो तो. सगळ्यांना फाशी देतात? हो. कोण देतं? प्रामाणिक माणसं. मग हे गद्दार मूर्खच म्हणायचे, पोरगा म्हणतो, त्यांची संख्या एवढी आहे की त्यांनीच प्रामाणिकांना लटकवावं. प्रेक्षक हसतात, आणि थोड्या वेळात तोच मुलगा आपल्या डोळ्यांदेखत मारला जातो. डंकनचा खून पडद्याआड ठेवणाऱ्या नाटककाराने हा मात्र उजेडात ठेवलाय. प्रयोगात हा प्रवेश वेळेअभावी गाळतात, त्यांचा मॅकबेथ मग निम्माच घसरतो.

आणि ‘पुरुष’ या शब्दाचा हिशेब इथे पुरा होतो. इंग्लंडमध्ये मॅकडफला बातमी कळते, तो विचारत राहतो, ‘सगळी? माझी सगळी पिल्लं?’ डंकनचा मुलगा मॅल्कम म्हणतो, पुरुषासारखं सोस. मॅकडफ म्हणतो, सोसेन, पण पुरुषासारखं मला ते आधी जाणवायलाही हवं. तीन अंकांपूर्वी मॅकबेथने अर्धवट सोडलेलं वाक्य दुसऱ्याच माणसाने पूर्ण केलं.

पाचवा अंक: काय उरलं

आता खून कमी, नोंदी जास्त. झोपेच्या रकान्यात शेवटची भर लेडी मॅकबेथची. ‘थोड्या पाण्याने हे धुऊन जाईल’ म्हणणारी बाई झोपेत हात चोळतेय, आणि अरबस्तानातली सगळी अत्तरं तिला पुरत नाहीत. कपड्यांचा धागाही इथेच संपतो. दुसऱ्याची वस्त्रं मला का घालता, असं त्याने पहिल्या अंकात विचारलं होतं. आता त्याचेच सरदार म्हणतात, राक्षसाचा झगा चोरट्या बुटक्याच्या अंगावर लोंबतोय.

मॅकबेथ मात्र शुद्धीवर आहे, आणि हेच भीषण आहे. म्हातारपणी जे सोबत असावं, मान, प्रेम, मित्रांचा गोतावळा, ते मला मिळणार नाही, हे तो स्वतः मोजून दाखवतो. मग आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येतो आणि तो म्हणतो, भीतीची चवच विसरलोय मी, भीषण गोष्टींचं पोटभर जेवलोय. ही तिसरी पंगत. राणी गेल्याचं कळल्यावरचं ‘उद्या, आणि उद्या, आणि उद्या’ हे स्वगत दहा ओळींचं आहे. नटांनो, रडू नका. ज्याला रडता येत नाही त्याचं ते बोलणं आहे.

लिहायला बसताना

उत्तराची सुरुवात ‘विल्यम शेक्सपिअर हा थोर नाटककार’ने करू नका, कथानकही सांगू नका. तपासणाऱ्याला ते माहीत असतं. तक्त्यातल्या दोन ओळी समोरासमोर ठेवा, डंकन आणि बॅन्को किंवा डंकन आणि फाइफ, आणि रकान्यांत काय बदललं तेवढं लिहा. अ‍ॅरिस्टॉटलचा ‘हमार्तिया’ आणायचाच असेल तर त्याचं भाषांतर ‘स्वभावदोष’ एवढ्यावर सोडू नका. त्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी नेम चुकणं आहे. कोणत्या क्षणी नेम चुकला, हे दाखवता आलं तरच तो शब्द वापरावा. ‘खलनायक’ हा शब्दही जपून. आपण काय करतोय हे मॅकबेथला सतत कळत असतं. ते कळणं बंद झालं असतं तर नाटक दुसऱ्या अंकातच संपलं असतं.

भूमिका करणाऱ्याने तक्ता उलटा वाचावा. शेवट माहीत असल्यामुळे पहिल्या प्रवेशापासून भुवया वाकड्या करायचा मोह होतो. सातव्या प्रवेशापर्यंत हा माणूस ‘नाही’ म्हणू शकतो, अशी प्रेक्षकाला खरोखर आशा वाटली पाहिजे.

तक्त्याची शेवटची ओळ रिकामी सोडली असेल, ती आता भरा. लढाईत मॅकडफ समोर येतो. तोपर्यंत मॅकबेथने चालून आलेल्या इंग्रज सेनापतीच्या मुलाला, तरुण सीवर्डला, मारलंय, हसत. मॅकडफला बघून मात्र तो म्हणतो, ‘सगळ्यांत तुला मी टाळत होतो. परत फिर. तुझ्या घराच्या रक्ताचं ओझं माझ्या आत्म्यावर आधीच फार झालंय.’ चौथ्या अंकात मिटवलेलं अंतर इथे एका वाक्यापुरतं पुन्हा उघडतं. तिसऱ्या रकान्यात ‘विचार केला’ असं लिहा. मॅकडफ फिरत नाही, मॅकबेथ ढाल पुढे धरतो, आणि थोड्या वेळाने त्याचं मुंडकं मॅल्कमसमोर आणलं जातं. पान मागे उलटून मॅक्डॉनवाल्डची नोंद बघा.